खाचेतल्या मोटारी

माद्रिदमध्ये आतोचा नावाचं मोठं रेल्वे स्टेशन आहे. त्याच्या पुढ्यात १९६८ साली एक उड्डाणपूल झाला. एकावर एक चढणारे रस्ते, मधूनच फुटणारे फाटे, वळसे, उतार. माद्रिदकरांनी त्याचं सरकारी नाव कधी तोंडात धरलं नाही. ते त्याला 'स्कॅलेक्स्ट्रिक' म्हणायचे. पूल कुरूप होता अशी सर्वांचीच तक्रार होती आणि १९८०च्या दशकाच्या मध्यात तो पाडूनही टाकला. शब्द मात्र राहिला. आजही स्पॅनिश माणूस कुठल्याही गुंतागुंतीच्या उड्डाणपुलाला हेच म्हणतो.

आपल्याकडे कशी वनस्पती तुपाला 'डालडा' आणि छायाप्रतीला 'झेरॉक्स' ही नावं चिकटली, तसंच हे. फरक एवढाच की हे नाव एका खेळण्याचं आहे, आणि खेळणं स्पेनचं नाही, इंग्लंडचं. एखादं खेळणं किती घरांत पोचलं असेल तर त्याचं नाव पुलाला पडावं! मला ह्या गोष्टीचं इतकं कुतूहल वाटलं की गेले काही महिने मी ह्या खाचेतल्या मोटारींच्या मागे लागलो आहे. घरचे कंटाळलेत. आता तुमची पाळी. :-)

ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. प्लॅस्टिकच्या तुकड्यांचा जोडता येणारा रस्ता. त्यात प्रत्येक गाडीसाठी एक खाच (स्लॉट), आणि खाचेच्या दोन्ही कडांना धातूच्या पट्ट्या. मोटारीच्या पोटाखाली पुढच्या बाजूला एक पातं असतं, ते खाचेत उतरतं. पात्याच्या दोन्ही बाजूंना तांब्याच्या तारांच्या विणलेल्या मऊ झिपऱ्या, त्या पट्ट्यांवर घासत जातात आणि वीज घेतात. वीज साधी, बारा व्होल्टच्या आसपास. मागच्या चाकांना एक छोटी मोटर. तुमच्या हातात कंट्रोलर. तो दाबाल तेवढी वीज, वीज तेवढा वेग. आपल्या घरी पंख्याचे जुने, तापणारे रेग्युलेटर होते ना, अगदी तेच तत्त्व. स्टिअरिंग नाही, कारण वळवायचं काम खाच करते. वेगळा ब्रेकही नाही. तुमच्या हाती फक्त एकच गोष्ट: वळण यायच्या आधी अंगठा कधी उचलायचा. उशीर झाला की गाडी खाच सोडते आणि कपाटाखाली जाते.

खाचेतून वीज घ्यायची कल्पना काही नवी नव्हती. लंडनच्या बऱ्याच ट्राम डोक्यावरच्या तारेऐवजी रस्त्यात कोरलेल्या खाचेतूनच वीज घ्यायच्या. अमेरिकेत आगगाड्यांची खेळणी बनवणाऱ्या लायोनेल कंपनीने १९१२ मध्येच विजेवर पळणाऱ्या शर्यतीच्या मोटारी विकायला काढल्या होत्या. तीन-चार वर्षांत ते बंद पडलं. पुढे १९५०च्या दशकात इंग्लंडमधल्या हौशी मंडळींनी क्लबांत आपापले लाकडी ट्रॅक बनवले. कुणी मधोमध रूळ ठेवायचे, कुणी खाच कोरायचे. पण ही सगळी हौशी लोकांची खटपट. दुकानात जाऊन पेटी विकत आणावी आणि दुपारपर्यंत शर्यत सुरू करावी, असं काही नव्हतं.

ते केलं फ्रेड फ्रान्सिस नावाच्या एका टूलमेकरने. टूलमेकर म्हणजे कारखान्यात लागणारे साचे, ठप्पे, हत्यारं घडवणारा कारागीर. माझ्या मते ह्या गोष्टीत हा शब्द फार महत्त्वाचा आहे. खेळणी सुचणारे लोक पुष्कळ असतात. ते खेळणं हजारोंच्या संख्येने आणि परवडेल अशा किमतीत कसं पाडायचं, हे कळणारा माणूस विरळा. फ्रान्सिसने १९४७ मध्ये 'मिनिमॉडेल्स' नावाची कंपनी काढली आणि पुढे ती दक्षिण किनाऱ्याजवळच्या हॅवंट गावी नेली. शेजारच्या पोर्ट्समथमध्ये महायुद्धात बॉम्ब पडून हजारो घरं गेली होती. त्या लोकांसाठी हॅवंटला लागून ली पार्क ही मोठी वसाहत उभी राहत होती. म्हणजे कामाला माणसं होती, आणि त्या माणसांना काम हवं होतं.

१९५२ मध्ये फ्रान्सिसने 'स्कॅलेक्स' नावाच्या पत्र्याच्या मोटारी काढल्या. चावीच्या, पण चावी नसलेल्या! गाडीच्या पोटाखाली एक पाचवं चाक होतं. गाडी जमिनीवर दाबून मागे ओढली की आतली स्प्रिंग गुंडाळली जायची, सोडली की सुसाट. तीन-चार वर्षं त्या छान खपल्या. मग खप घसरला.

का घसरला? मला वाटतं उत्तर सोपं आहे. चावीच्या गाडीशी खेळणं म्हणजे ती सोडणं आणि बघत बसणं. सोडल्यानंतरचं सगळं गाडीच्या मनावर. विजेच्या मोटारीही तेव्हा प्रदर्शनांत दिसत होत्या, रुळावरून गोल गोल फिरणाऱ्या, पण त्यांचंही तेच. फ्रान्सिसने काय केलं, तर आपल्या पत्र्याच्या मोटारीत विजेची छोटी मोटर बसवली, खाच असलेला रबराचा ट्रॅक बनवला आणि बटण पोरांच्या हातात दिलं. पहिल्या संचातलं हे बटण अगदीच साधं, चालू किंवा बंद. वेग कमीजास्त करणारे कंट्रोलर नंतर आले. पण तेवढ्याने सगळा खेळ बदलला. आता गाडी उलटली तर ती तुमच्यामुळे उलटली, आणि जिंकली तरी तुमच्यामुळेच. स्कॅलेक्स अधिक इलेक्ट्रिक, म्हणून 'स्कॅलेक्स्ट्रिक'. जानेवारी १९५७ मध्ये हॅरोगेटच्या खेळण्यांच्या जत्रेत त्याने ते मांडलं आणि दुकानदारांच्या उड्या पडल्या.

इतक्या उड्या पडल्या की छोट्या कारखान्याला ते झेपेना. पुढच्याच वर्षी, १९५८ मध्ये, फ्रान्सिसने कंपनी लाइन्स ब्रदर्सला विकली. हे लाइन्स म्हणजे तीन भाऊ. तीन रेषा मिळून त्रिकोण होतो, म्हणून त्यांच्या मालाचं नाव 'ट्राय-अँग'. (असल्या कोट्या फक्त मराठी माणूसच करतो असा माझा समज होता.) त्यांच्याकडे भांडवल होतं आणि प्लॅस्टिकचे साचे ओतायची यंत्रं होती. १९६० पासून पत्रा गेला आणि प्लॅस्टिकच्या मोटारी आल्या. पत्र्याला ठप्पा मारून जेवढा गोलावा येतो तेवढाच येतो. प्लॅस्टिकमध्ये मात्र समोरची जाळी, रिव्हेट, धुराची नळी, ड्रायव्हरचा गॉगल, सगळं एका दाबात उमटतं. मोटारींची खरी 'मॉडेल्स' इथून सुरू झाली असं म्हणायला हरकत नाही. थोड्याच काळात रबराचा ट्रॅकही जाऊन प्लॅस्टिकचा आला. रबर कालांतराने वाकडं होतं, कडक पडतं.

आता मोटारींकडे येतो, कारण मला खरं बोलायचंय ते त्यांच्याबद्दल.

सुरुवातीच्या दोन मोटारी होत्या फेरारी ३७५ आणि मासेराती २५०एफ. दोन्ही इटालियन, म्हणून दोन्ही लाल. त्या काळी शर्यतीच्या मोटारींना देशाचा रंग असायचा: इटलीचा लाल, इंग्लंडचा हिरवा, फ्रान्सचा निळा, जर्मनीचा चंदेरी. जाहिरातींचे पट्टे नंतर आले. गंमत अशी की १९५७ मध्ये ही फेरारी ३७५ जुनी झाली होती. तिचा मोठा दिवस होता १४ जुलै १९५१. सिल्व्हरस्टोनला अर्जेंटिनाच्या गोन्सालेसने तिच्यावर ब्रिटिश ग्रां प्री जिंकली आणि फेरारीला जागतिक अजिंक्यपदाच्या शर्यतींतला पहिला विजय मिळाला. तोवर आल्फा रोमिओला कुणी हरवत नव्हतं. म्हणजे दुकानात खेळणं आलं तेव्हा खरी गाडी सहा वर्षांपूर्वीची कीर्ती होती. हे पुढेही होत राहिलं. साचा घडवायला वेळ लागतो आणि त्याचा खर्च निघायला त्याहून जास्त. शर्यतीचं जग तेवढा वेळ थांबत नाही. लोक आज 'क्लासिक गाड्यांची मॉडेल्स' म्हणून वेगळा कप्पा करतात. मला तर वाटतं हे खेळणं पहिल्या दिवसापासूनच आठवणींचं होतं, फक्त तेव्हा आठवण ताजी होती.

मासेराती २५०एफचं मात्र जुळून आलं. ज्या वर्षी ती खेळण्याच्या पेटीत आली, त्याच वर्षी खऱ्या मासेरातीने जी शर्यत जिंकली तिच्याबद्दल लोक अजून बोलतात. ४ ऑगस्ट १९५७, जर्मनीतलं न्युरबर्गरिंग. एक फेरा जवळजवळ २३ किलोमीटरचा, जंगलातून, डोंगरातून. असे २२ फेरे. मासेरातीत हुआन मान्वेल फान्जिओ, वय ४६. फेरारीत माइक हॉथॉर्न आणि पीटर कॉलिन्स, दोघं इंग्रज, दोघं तरुण, दोघं जिगरी दोस्त.

फान्जिओने ठरवलं की टाकी अर्धीच भरून निघायचं. गाडी हलकी, टायर मऊ, म्हणून सुरुवातीला आघाडी घ्यायची आणि मध्यावर एकदा थांबून पेट्रोल आणि टायर घ्यायचे. फेरारीवाले न थांबता पूर्ण शर्यत धावणार होते. बारा फेऱ्यांनंतर फान्जिओ थांबला तेव्हा त्याच्याकडे सुमारे अर्ध्या मिनिटाची आघाडी होती. पण चाकं बदलताना घोटाळा झाला, वेळ गेला, आणि तो परत रस्त्यावर आला तेव्हा पुढच्या दोघांच्या पाऊण मिनिट मागे होता. उरले दहा फेरे. पहिल्या फेऱ्यात त्याने काहीच कमावलं नाही. नंतर मात्र तो फेऱ्यामागून फेऱ्यात विक्रम मोडत गेला. त्यातला सर्वांत वेगवान फेरा ९ मिनिटं १७.४ सेकंदांचा. शर्यतीआधीच्या सरावात त्याने स्वतः जो सर्वांत चांगला वेळ दिला होता, त्याहून आठ सेकंदांनी कमी! शेवटून दुसऱ्या फेऱ्यात त्याने आधी कॉलिन्सला, मग हॉथॉर्नला मागे टाकलं आणि साडेतीन सेकंदांनी शर्यत जिंकली. त्याचं ते पाचवं आणि शेवटचं अजिंक्यपद. असं मी पूर्वी कधी चालवलं नव्हतं आणि पुन्हा चालवायची इच्छाही नाही, अशा अर्थाचं तो नंतर बोलला. पुढच्या वर्षी त्याने निवृत्ती घेतली.

ह्या गाडीचं एक मॉडेल माझ्या टेबलावर आहे. बत्तिसाव्या हिश्श्याचं, लांबी जेमतेम वीतभरही नाही. माझा भाचा आला होता, त्याने ती उचलली, उलटी करून पातं पाहिलं, चाकं फिरवून पाहिली आणि विचारलं, "मामा, ह्यात बसलेला माणूस कोण?" मी म्हटलं, फान्जिओ. "मग बाकीच्या गाड्यांत कोण?" मी हॉथॉर्न आणि कॉलिन्सची नावं सांगितली. "ते मग कधी जिंकले?"

नऊ वर्षांच्या पोराला काय सांगायचं? मी खरं ते सांगितलं. कॉलिन्स पुढच्याच वर्षी, ३ ऑगस्ट १९५८ ला, त्याच न्युरबर्गरिंगवर, त्याच जर्मन ग्रां प्रीत रस्ता सोडून गेला आणि मरण पावला. तारखा पाहा, एक वर्षाला एक दिवस कमी. हॉथॉर्न त्या वर्षी जगज्जेता झाला, मित्र गेल्यामुळे मन उडून त्याने शर्यती सोडल्या, आणि जानेवारी १९५९ मध्ये गिल्डफर्डजवळच्या साध्या सार्वजनिक रस्त्यावर स्वतःची जॅग्वार चालवताना अपघातात गेला. वय २९. न्युरबर्गरिंगच्या त्या दुपारी पहिले तीन आलेल्यांपैकी दोघं दीड वर्षाच्या आत गेले. म्हातारपण पाहिलं ते फक्त फान्जिओने. तो १९९५ पर्यंत जगला.

भाच्याने गाडी हळूच टेबलावर ठेवली. मग म्हणाला, "पण ही पडली तर आपण उचलून परत ठेवतो ना?"

हो. परत ठेवतो. क्लबांच्या शर्यतीत तर त्यासाठी वळणावळणावर माणसंच बसवलेली असतात. गाडी खाच सोडून पडली की उचलायची आणि खाचेत ठेवायची. त्यांना 'मार्शल' म्हणतात. खऱ्या शर्यतीतही मार्शल असतात. शब्द तोच.

खेळण्यात आकार लहान करता येतो, बाकीचं तसं करता येत नाही, हे मला त्या निमित्ताने जाणवलं. गणित करून पाहा. लांबी बत्तीस पटींनी कमी केली तर वजन बत्तीस गुणिले बत्तीस गुणिले बत्तीस, म्हणजे ३२,७६८ पटींनी कमी व्हायला हवं. खरी २५०एफ साधारण साडेसहाशे किलोंच्या पुढे. त्या हिशेबाने मॉडेल वीस ग्रॅमच्या आसपास भरायला हवं. मी ते स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवलं, तर सत्तरच्या पुढे! म्हणजे प्रमाणात पाहिलं तर खेळणं खऱ्या गाडीहून तिप्पट जड आहे. गुरुत्वाकर्षण मात्र दोघांना तेच. न्युरबर्गरिंगचा रस्ता त्याच हिशेबाने घरात मांडायचा तर सातशे मीटरहून लांब ट्रॅक लागेल, आणि तेवढं घर माझ्या ओळखीत कुणाचं नाही. पुढे खोक्यांवर 'स्केल स्पीड' म्हणून ताशी शेकडो मैलांचे आकडे यायला लागले, त्यांना तर काहीच अर्थ नाही. घड्याळातला सेकंद कुठे बत्तिसावा हिस्सा होतो?

व्हॅनवॉलची गोष्टही अशीच. १९६० मध्ये ज्या मोटारी प्लॅस्टिकमध्ये आल्या, त्यांत लोटस १६ आणि व्हॅनवॉल होत्या. टोनी व्हँडरव्हेल हा इंजिनाची बेअरिंग बनवणारा इंग्लिश कारखानदार. त्याच्या बेअरिंगचं नाव 'थिनवॉल'. स्वतःचं अर्धं नाव आणि बेअरिंगचं अर्धं नाव जोडून 'व्हॅनवॉल' झालं. लाल गाड्यांना हरवायचंच, असा त्याने चंग बांधला होता. २० जुलै १९५७ ला लिव्हरपूलजवळच्या एन्ट्रीला ते घडलं. टोनी ब्रूक्स आधीच्या अपघातातून पुरता बरा झाला नव्हता, स्टर्लिंग मॉसची गाडी बिघडली, मग मॉसने ब्रूक्सची गाडी घेतली आणि जिंकली. अजिंक्यपदाच्या ग्रां प्रीत ब्रिटिश गाडी जिंकण्याची ही पहिलीच वेळ. पुढच्या वर्षी, १९५८ मध्ये, गाडी बनवणाऱ्यांसाठी अजिंक्यपद सुरू झालं आणि पहिल्याच वर्षी ते व्हॅनवॉलला मिळालं. त्या हंगामाची शेवटची शर्यत मोरोक्कोत, कासाब्लांकाला. तिथे व्हॅनवॉलचा तिसरा ड्रायव्हर, स्टुअर्ट लुइस-एव्हान्स, पेटत्या गाडीतून बाहेर आला, पण सहा दिवसांनी दवाखान्यात मरण पावला. व्हँडरव्हेल ह्या धक्क्यातून सावरला नाही. जानेवारी १९५९ मध्ये त्याने संघ आवरता घेतला.

म्हणजे इंग्लंडमधल्या मुलांच्या हातात प्लॅस्टिकची हिरवी व्हॅनवॉल पडली, तेव्हा खऱ्या गाडीचे दिवस संपले होते. खेळण्याच्या खोक्यावर ह्यातलं काही छापता येत नाही, आणि छापावं असंही मी म्हणत नाही. पण गप्प बसायची ही सवय पुढेही दिसते. १९६०च्या दशकात युद्धापूर्वीच्या दोन मोटारीही काढल्या: फ्रान्सची बुगाटी टाइप ५९ आणि जर्मनीची ऑटो युनियन. ती बुगाटी आज संग्राहकांत फार दुर्मीळ समजतात. ऑटो युनियन मात्र हिटलरच्या सरकारने दिलेल्या पैशांवर धावणारी गाडी होती. तिचा प्रसिद्ध ड्रायव्हर बेर्न्ड रोझमायर जानेवारी १९३८ मध्ये फ्रँकफर्टजवळच्या ऑटोबानवर वेगाच्या विक्रमाच्या नादात मेला. युद्ध संपून वीस वर्षंही झाली नव्हती. बॉम्बमध्ये घरं गेलेल्यांची वसाहत ज्या गावात, त्याच गावाशी नाव जोडलेल्या खेळण्यात ही चंदेरी गाडी आली. कुणी काही म्हटलं की नाही, कोण जाणे. माझं मत विचाराल तर त्या गाडीचा आकार अप्रतिम आहे, आणि तिच्याकडे बघताना मला जरा अवघडल्यासारखं होतं. दोन्ही खरं आहे.

नंतरच्या काळातलं गप्प बसणं वेगळ्या कारणाने. १९६८ पासून लोटसवर सिगारेटच्या कंपनीचे रंग आले, मग काळ्या-सोनेरी लोटस आल्या. आज त्याच गाड्यांची मॉडेल्स निघतात तेव्हा रंग तेच असतात, पण तंबाखूचं नाव सहसा गाळलेलं असतं. मुलांच्या हातात जाणारी वस्तू, म्हणून हे योग्यच आहे. पण पन्नास वर्षांनी कुणी नुसती मॉडेल्स पाहून इतिहास लिहिला, तर त्याला प्रश्न पडेल की एवढा खर्च करत कोण होतं?

अमेरिकेतली कथा मी उरकतो, कारण ती मला तितकीशी भावत नाही. १९६०च्या दशकाच्या मध्यात तिथे ह्या खेळाची लाट आली. गावोगाव मोठमोठे ट्रॅक असलेली दुकानं निघाली. तासावर पैसे भरून खेळायचं, आपल्याकडे पूर्वी सायकली तासावर मिळायच्या तसं. तिथे जिंकायचं वेड इतकं वाढलं की गाडी कशासारखी दिसते ह्याला काही महत्त्वच उरलं नाही. चपटे, पाचरीसारखे आकार आले, कुठल्याही खऱ्या गाडीशी नातं नसलेले. वेग वाढला, नवख्या पोराला जिंकणं अशक्य झालं, आणि दशक संपायच्या आत बहुतेक दुकानं बंद पडली. दिसणं सोडून दिलं की खेळातून गोष्टही जाते असा माझा तर्क आहे, पण अमेरिकन लोक ह्यावर भांडतील.

लाइन्स ब्रदर्सही १९७१ मध्ये बुडाले. एवढी मोठी कंपनी, पण बुडाली. स्कॅलेक्स्ट्रिक, हॉर्नबीच्या आगगाड्यांबरोबर, एका मालकाकडून दुसऱ्याकडे गेलं. तो दुसराही १९८० मध्ये बुडाला, आणि पुढच्या वर्षी तिथल्याच व्यवस्थापकांनी मिळून धंदा विकत घेतला. उत्पादन तोवर मार्गेटला गेलेलं होतं. १९९०च्या दशकाच्या अखेरीस ते चीनमध्ये गेलं. इंग्लंडच्या कारखान्यातल्या लोकांचं काम गेलं, आणि मॉडेल्स मात्र कधी नव्हती इतकी सुंदर झाली. हातांनी करायची बारीक रंगरंगोटी तिथे परवडू लागली. २५०एफच्या बॉनेटवर ओळीने कापलेल्या हवेच्या फटी, डॅशबोर्डावरची घड्याळं, तारांची चाकं... टेबलावरच्या माझ्या गाडीत सगळं आहे. ही गिऱ्हाइकं आता मुलं नव्हती. लहानपणी खेळलेले, आता केस पांढरे झालेले पुरुष होते. ह्यांतले कट्टर लोक गाडीच्या पोटातलं लोहचुंबक काढून टाकतात. पट्ट्यांना चिकटून राहायला मदत व्हावी म्हणून कंपन्या ते बसवतात, त्यामुळे गाडी वळणावर पडत नाही. ह्यांना ती पडायला हवी असते. चुंबकाशिवाय २५०एफ वळणावर मागचा भाग हलकेच बाहेर फेकत जाते. जुन्या फिल्ममध्ये फान्जिओची जायची तशीच.

शेवटी ब्रुकलंड्सबद्दल सांगतो आणि थांबतो. लंडनच्या नैर्ऋत्येला वेब्रिजजवळ १९०७ मध्ये जगातला पहिला खास मोटारींच्या शर्यतींसाठी बांधलेला रस्ता झाला, पावणेतीन मैलांचा, काँक्रीटचा, वळणांवर भिंतीसारखा उभा केलेला. १९३९ मध्ये युद्ध आलं, शर्यती बंद झाल्या त्या कायमच्या. तिथे विमानांचा कारखाना वाढला, मग कचेऱ्या झाल्या, रस्ते गेले, जुन्या काँक्रीटचे तुकडे तेवढे झाडीत उरले. २००९ च्या ऑगस्टमध्ये टीव्हीवरच्या जेम्स मे ह्या गृहस्थाने ठरवलं की ब्रुकलंड्सचा पूर्ण रस्ता जुन्या मार्गाने पुन्हा बांधायचा, स्कॅलेक्स्ट्रिकच्या तुकड्यांचा. शेकडो स्वयंसेवक आले. ट्रॅक गवतातून गेला, पाण्यावरून गेला, रस्ता ओलांडून गेला, जिथे वाटेत इमारत होती तिथे इमारतीतून गेला. एकूण लांबी पावणेपाच किलोमीटरच्या जवळपास, आणि सगळ्यांत लांब स्लॉट कार ट्रॅकचा विक्रम. बोटभर उंचीच्या मोटारी तेवढं अंतर धावल्या. वाटेत ठिकठिकाणी माणसं कंट्रोलर घेऊन उभी होती, आपल्या हद्दीतून गाडी पुढच्याच्या हद्दीत नीट पोचवायची एवढंच त्यांचं काम.

त्याच रस्त्यावर १५ फेब्रुवारी १९१३ ला पर्सी लँबर्ट नावाच्या माणसाने टॅलबट गाडीत एका तासात शंभर मैल पार केले, जगात पहिल्यांदा. त्याच वर्षी ३१ ऑक्टोबरला तो तिथेच, पुन्हा विक्रम करायला गेला असताना, टायर फुटून मेला. भाच्याला हा कार्यक्रम दाखवला तेव्हा हेही सांगितलं. त्याने मला मध्येच थांबवलं आणि विचारलं, ती टॅलबट मिळते का, मॉडेलमध्ये?